कंपनीचंच कार्ड

शिवयोगीअण्णा हत्तुऱ्यांच्या घरातली मेंढरं कालपासून उपाशी आहेत, ही बातमी सोमवारी सकाळी नऊच्या आत सगळ्या अपार्टमेंटला कळली. मेंढरं खरी नव्हती, टीव्हीतली होती. पण त्यांच्या बायकोनं, नागम्मानं, ही बातमी दूधवाल्याला, वॉचमनला आणि खालच्या मजल्यावरच्या बापूसाहेबांना ज्या आवाजात सांगितली, त्यावरून कुणालाही वाटलं असतं की हत्तुऱ्यांच्या गॅलरीत चाळीस मेंढरं ओरडत उभी आहेत आणि अण्णा आत निवांत पेपर वाचतायत.

झालं होतं असं. अण्णांची मुलगी काव्या दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि जाताना तिचं व्हिडिओ गेमचं मशीन घरी ठेवून गेली. तिकडं तिनं तसलंच दुसरं घेतलं. मग एका दिवाळीत तिनं फोनवरून सांगत सांगत आईला शेतीचा एक खेळ लावून दिला. दोघींनी आपापल्या घरात, आपापल्या टीव्हीसमोर बसायचं आणि एकच शेत मिळून करायचं. नांगरायचं, पेरायचं, मेंढरांना चारा घालायचा आणि डोक्याला अडकवलेल्या माइकवरून बोलत राहायचं; पलीकडचं बोलणं टीव्हीतून ऐकू यायचं. नागम्माचं माहेर मंगळवेढ्याचं. काळ्या रानात ज्वारी बघत वाढलेली बाई. पहिल्या दिवशी तिनं टीव्हीतलं ते हिरवंगार रान बघितलं आणि "ह्यांना ढेकूळ म्हणजे काय तेच माहीत न्हाय" म्हणून तोंड फिरवलं. दोन महिन्यांत तिच्या नावावर दोन ट्रॅक्टर, कापणीचं एक मशीन आणि एकशेवीस एकर झाले होते. सोलापुरात एवढी जमीन असलेली बाई सहसा भाजी आणायला स्वतः जात नाही, हे तिनं अण्णांना एकदा ऐकवलंही होतं.

पण यातली खरी गोष्ट शेती नव्हती. काव्या फोनवर दोन मिनिटांत संपायची. जेवलीस का, हो. थंडी आहे का, हो. मग ठेवते. तीच काव्या रविवारी संध्याकाळी सहाला ट्रॅक्टरवर बसली की आठपर्यंत थांबत नसे. नांगरट चालू असताना कुणी कुणाकडे बघत नाही, आणि बघत नसलं की माणूस बोलतं. ऑफिसातला साहेब कसा आहे, खोलीतली दुसरी मुलगी भांडी कशी तशीच ठेवते, फेब्रुवारीत एकदा रडू कसं आलं होतं, हे सगळं त्या एकशेवीस एकरांत निघायचं. अण्णा मागं खुर्चीवर पेपर उघडून बसायचे. दोन तासांत पान एकही उलटत नसे. मुलीबद्दल त्यांना जे काही माहीत होतं ते सगळं पेपरच्या आडून माहीत झालेलं होतं, आणि रविवारची ते दुकानात गुरुवारपासून वाट बघायचे, हे ते कुणाला सांगत नसत.

त्या रविवारी खेळाची नवी आवृत्ती आली. काव्यानं ती घेतली. दोघींकडं सारखीच आवृत्ती असल्याशिवाय एका रानात उतरता येत नाही. इकडं नागम्मानं बटण दाबलं तर मशीन म्हणालं, जागा अपुरी आहे.

आता इथं अण्णांची एक गोष्ट सांगायला हवी. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, म्हणून आपणच सांगू. काव्यानं त्या मशीनवर वर्षाचं सभासदत्व भरलं होतं, आणि त्यात शंभरावर खेळ फुकट होते. फुकट, पण पैसे भरलेले. ही जोडी मध्यमवर्गीय माणसाला झोपू देत नाही. शंभर खेळांचे पैसे भरायचे आणि एकच खेळायचा, म्हणजे थाळी सांगून नुसता पापड खाण्यासारखं. अण्णांचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं, सोलापुरात सगळ्यांचं असतं. नागम्मा जेवून आडवी झाली की अण्णा आवाज बारीक करून टीव्हीसमोर बसायचे आणि एकेक खेळ उतरवून घ्यायचे. मासे धरायचा एक. पिझ्झा भाजायचा एक. बर्फावरून गाड्या घसरवायचा, भूत शोधायचा, रेल्वेचे सिग्नल पाडायचा. सिग्नलवाला त्यांच्या इंटरनेटवर उतरायला नऊ दिवस लागले होते. असे तेवीस झाले, आणि मशीन नरड्यापर्यंत भरलं.

म्हणून रविवारी काव्यानं फोनवर विचारलं, "अप्पा, त्यात नको असलेलं काय काय भरलंय? ते काढून टाका," तेव्हा अण्णा म्हणाले, "तसलं काही नाही गं. मशीनच लहान आहे."

माणूस आयुष्यात मोठमोठं खोटं पचवतो. पण बायको शेजारी उभी असताना मुलीला सांगितलेलं हे छोटं खोटं अण्णांना पुढं दोन आठवडे पुरलं.

"मग वेगळं कार्ड घ्यावं लागेल," काव्या म्हणाली. "त्या मशीनला त्याच कंपनीचं लागतं, दुसरं चालत नाही, आणि फार महाग आहे. नका घेऊ. मी मे महिन्यात आले की बघू."

तेव्हा नोव्हेंबर चालू होता. नागम्मानं बोटांवर महिने मोजले आणि भाकरी थापायला गेली. त्या दिवशीच्या भाकऱ्या नेहमीपेक्षा कडक झाल्या.

तसं बघितलं तर अण्णांनी दुपारी गुपचूप पाच-सात खेळ काढून टाकले असते तर सगळं मिटलं असतं. दोनदा त्यांनी रिमोट हातात घेतलाही. एकदा नागम्मा पाणी प्यायला उठली. दुसऱ्यांदा कुणी उठलं नाही, पण यादीतल्या सिग्नलवाल्यावर येऊन अण्णांचं बोट थांबलं. नऊ दिवस. आणि त्याहून अवघड म्हणजे यात आणखी एक कारण होतं, पण ते अण्णा स्वतःशीसुद्धा बोलत नव्हते. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि मनाशी म्हणाले, पार्ट छोटा पडला तर मोठा घालावा, आहे ते उपसून काय उपयोग.

पार्ट हा अण्णांचा विषय होता. मधल्या मारुतीजवळ त्यांचं कुकर आणि मिक्सरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. आठ बाय दहाची जागा, आणि त्यात गॅस्केट, शिट्ट्या, कपलर, कार्बन, असं म्हणाल ते. प्रत्येक वस्तू दोन जातींची, कंपनीची आणि लोकल. गिऱ्हाईक आलं की अण्णा दोन्ही समोर ठेवत आणि एकतीस वर्षं तेच वाक्य बोलत: "कसंय, कंपनीचं ते कंपनीचं. लोकल न्यायचं तर न्या, मी नाही म्हणत नाही. उद्या काही झालं तर माझ्याकडं येऊ नका, एवढंच." गिऱ्हाईक घाबरून कंपनीचं नेई. अण्णांच्या स्वतःच्या घरी कुकरला लोकल गॅस्केट होतं आणि सात वर्षं निवांत चाललं होतं.

सोमवारी संध्याकाळी बापूसाहेब वर आले ते वही घेऊनच. बापूसाहेब श्रीपूरच्या साखर कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं बोल्ट, बेअरिंग आणि पोती मोजलेला माणूस. "जागा अपुरी" हे दोन शब्द कानावर पडताच त्यांच्या अंगात बळ आलं.

"अण्णा, ह्यो माझा विषय हाय," ते बसता बसता म्हणाले. "स्टोअरला जागा कमी पडली की तीन गोष्टी. पैली, स्टॉक तपासायचा. काय माल पडून हाय त्ये बघायचं."

"ते झालं तपासून," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "दुसरी?"

"दुसरी, तीन कोटेशनं. तीन कोटेशनांबिगर आमच्याकडं खिळा सुदिक येत न्हवता."

"तीन कुठून आणू? एकच कंपनी बनवते ते."

बापूसाहेब विचारात पडले. एकाच कंपनीचा माल असेल तर त्याला सिंगल टेंडर म्हणतात आणि त्याला संचालक मंडळाची मंजुरी लागते, असं त्यांनी सांगितलं. संचालक मंडळ आत कांदा चिरत होतं. तिथून आवाज आला, "काय आणायचं ते आणा, पण रविवारच्या आत आणा. पोरगी ऑफिस करून एकटी एकशेवीस एकर नांगरलालीय."

मंगळवारी अण्णा नवी पेठेत जोतिरामच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. जाताना खिशात व्हर्नियर कॅलिपर होता. पार्ट घ्यायला जाताना माप घेतल्याशिवाय ते घेत नसत, मग ते शिट्टीचं वजन असो की मेमरी. जोतिरामनं काचेतून कार्ड काढून दाखवलं. काडेपेटीपेक्षा थोडं लांब, काळं, वर कंपनीचं नाव. किंमत ऐकून अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"ह्याच्यात आहे काय एवढं?" त्यांनी विचारलं.

"मेमरी हाय की अण्णा."

"आणि हे?" अण्णांनी शेजारची साध्या कॉम्प्युटरची तेवढ्याच जागेची मेमरी दाखवली. ती निम्म्याहून कमी पैशांत होती.

"ती पण मेमरीच. आतनं दोन्ही बहिणी-बहिणी. पण ही तुमच्या मशीनला बसत न्हाय."

"का बसत नाही?"

"भोक येगळं ठेवलंय कंपनीनं."

अण्णांना त्या कंपनीबद्दल क्षणभर आदर वाटला. एकतीस वर्षं धंदा करून त्यांना हे सुचलं नव्हतं. त्यांनी कॅलिपर काढून दोन्हींची मापं घेतली, रुंदीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघाला, आणि ते म्हणाले, "पॅकिंग टाकून बसंल."

जोतिरामनं दोन्ही हात काउंटरवर टेकले. "कसंय अण्णा, कंपनीचं ते कंपनीचं. लोकल बसवायचं तर बसवा, मी न्हाय म्हणत न्हाय. उद्या काय झालं तर माझ्याकडं येऊ नका, येवढंच."

अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. स्वतःचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर दिसावा तसं त्यांना झालं. हे वाक्य काउंटरच्या अलीकडून कसं ऐकू येतं हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि एकतीस वर्षांत किती गिऱ्हाइकांनी ते असं ऐकलं असेल याचा हिशेब डोक्यात यायच्या आत ते "विचार करून येतो" म्हणून बाहेर पडले.

विचार करून त्यांनी तिसरंच काहीतरी घेतलं. साधी, वायरीनं जोडायची बाहेरची हार्डडिस्क. कार्डाच्या चौथाई पैशांत दुप्पट जागा. घरी येऊन लावली, मशीननं ती ओळखली, शेतीचा खेळ तिच्यावर हलवला, नवी आवृत्ती दोन दिवस उतरत राहिली, आणि शनिवारी नागम्मानं बटण दाबलं. मशीन म्हणालं, या डिस्कवर हा खेळ ठेवता येईल, खेळता येणार नाही.

"म्हंजे गोदाम हाय," बापूसाहेब समजुतीनं म्हणाले. "गोदामात माल ठेवायचा, इकायचा काउंटरवरनं. बरोबरच हाय की त्येंचं. काउंटरवरचा माल गोदामात टाका आन ह्यो काउंटरवर घ्या. कुटं हाय काउंटरची यादी?"

"यादी नाही," अण्णा म्हणाले.

"यादीबिगर स्टोअर? अण्णा, ही लई गंभीर गोष्ट हाय."

अण्णांनी टीव्ही बंद केला. उपाय समोर होता, अगदी हाताशी होता, आणि तो बापूसाहेबांच्या आणि नागम्माच्या देखत करता येत नव्हता. दुसरा रविवार कोरडा गेला. सहा वाजता फोन आला. जेवलीस का, हो. थंडी आहे का, हो. मग नागम्मा म्हणाली, "मेंढरांना घातलंस काय?" काव्या म्हणाली, "घातलं अव्वा. पण एकटीला कंटाळा येतो." तेवढ्यावर फोन ठेवला गेला. अण्णांनी पेपर घडी करून ठेवला. त्यांना वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. पेपरच्या आड बसायलासुद्धा समोर काहीतरी चालू असावं लागतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी कंपनीचं कार्ड आणलं, छापील किमतीला. अण्णांच्या घराण्यात छापील किमतीला वस्तू घेणारे ते पहिलेच. येताना रिक्षात त्यांनी डबी दोन्ही हातांत धरली होती.

आता घरात नवी वस्तू आली की तिची पूजा होते, यात गैर काही नाही. हत्तुऱ्यांकडं स्कूटरची झाली, फ्रीजची झाली, वॉशिंग मशीनची झाली. एवढ्या पैशांची वस्तू अशीच खुपसायची, हे नागम्माला पटणारं नव्हतं. तिनं कार्ड पाटावर ठेवलं, फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि विभूतीचा डबा घेतला. ओल्या बोटांनी तीन पट्टे ओढायचे, हे ठरलेलं. पण कुठं? वरच्या बाजूला कंपनीचं नाव होतं, आणि नावावर भस्म लावणं तिला बरं वाटेना. खालच्या टोकाला मात्र चांगली सोनेरी, चकचकीत जागा होती. कपाळ असावं तशी. नागम्मानं तिथं तीन पट्टे ओढले, मधोमध कुंकवाचा ठिपका दिला आणि हात जोडले. अण्णांनीही जोडले. एकतीस वर्षं विजेचे पार्ट विकणारा माणूस समोर उभा होता आणि त्याच्या मनात काही आलं नाही, कारण त्या वेळी तो डोळे मिटून, रविवारच्या आत हे चालू दे, असं मागत होता.

कार्ड मशीनमध्ये गेलं. मशीन काहीच म्हणालं नाही. काढून परत घातलं, तरी नाही. कुठलंही कार्ड आपल्या अंगात आहे हेच त्याला मान्य नव्हतं.

जोतिरामनं कार्ड उजेडाकडं धरलं. "अण्णा, हे पांढरं काय हाय?"

"विभूती."

"आन लाल?"

जोतिराम सद्‌गृहस्थ होता, त्यानं हसू दाबलं. वॉरंटी कंपनीची आहे, फोन तिथंच करा, असं म्हणून त्यानं नंबर लिहून दिला.

शुक्रवारी अण्णांनी दुकानातून तो फोन लावला. पंचवीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली. तिच्याजवळ कारणांची यादी होती आणि तिला त्यातलं एक निवडायचं होतं. पडलं का, भिजलं का, किडे गेले का, आगीत सापडलं का.

"सर, प्रॉडक्ट पर क्या लगा है?"

"भस्म," अण्णा म्हणाले.

"सर, प्रॉडक्ट जल गया है?"

"नहीं, नहीं. भगवान का भस्म."

पलीकडं बटणं दाबल्याचा आवाज आला. मग ती समजूत काढल्यासारखं म्हणाली, "सर, मैं आग वाला लिख देती हूँ."

संध्याकाळी कंपनीचा मेल आला. आगीच्या दुर्घटनेबद्दल कंपनीला खेद आहे, घरातले सगळे सुखरूप असतील अशी आशा आहे, आणि अग्निशमन दलाचा दाखला जोडल्यास तीस दिवसांत विचार केला जाईल. अण्णांनी मेल दोनदा वाचला. बापूसाहेबांना मात्र हुरूप आला. छत्तीस वर्षांत त्यांनी असला अर्ज केला नव्हता. रात्रीच्या जेवणाआधीच त्यांनी तो सुवाच्य अक्षरात लिहून आणला. विषय: न जळालेल्या वस्तूस जळाल्याचा दाखला मिळणेबाबत.

"वळखीचा मानूस हाय तितं," बापूसाहेब म्हणाले. "तुमी फकस्त सही करा."

अण्णांनी सही केली नाही. माणसाच्या अब्रूला कुठंतरी शेवटचा कठडा असतो, आणि अण्णांचा इथं होता. पूजा केली म्हणून घर जळाल्याचा दाखला घ्यायचा, तोही गावात एकतीस वर्षं दुकान असलेल्या माणसानं. त्यांनी अर्ज घडी करून परत दिला आणि त्या प्रकरणात पहिल्यांदाच त्यांना राग आला. स्वतःचाच आला. ज्या टोकाला भस्म लागलं ते टोक म्हणजे काय, याचा विचार त्यांनी कुणालाही फोन करायच्या आधी करायला हवा होता. ते वीज जोडणारे कॉन्टॅक्ट होते. मिक्सरच्या कार्बनला कणीक बसते, स्विचला मसाला बसतो, इथं विभूती बसली होती. विषय एकच होता.

शनिवारी दुपारी अण्णा जेवायला घरी गेले नाहीत. काउंटरवर स्वच्छ फडकं पसरलं, मिक्सरचा बारीक ब्रश घेतला, स्पिरिटची बाटली घेतली, आणि समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून खोडरबर आणलं. आधी ब्रशनं कोरडं झाडलं. मग खोडरबराचा कोपरा कापून त्यानं त्या सोनेरी दातऱ्या एकेक करून, हलक्या हातानं, एकाच दिशेला घासल्या. मग काडीला कापूस गुंडाळून स्पिरिट. कुंकू जायला वेळ लागला. एक बाई कुकरची शिट्टी घ्यायला येऊन उभी राहिली आणि तीही बघत बसली. काम झालं तेव्हा अण्णांनी कार्ड उजेडात धरलं, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांची मान सरळ झाली.

रविवारी सकाळी दहाला कार्ड परत मशीनमध्ये गेलं. या वेळी पूजा झाली नाही, लांबूनच नमस्कार झाला. मशीननं बारीक आवाज केला. नवीन जागा मिळाली आहे, ते म्हणालं, आणि पुढं सौजन्यानं विचारलं, जुन्या जागेतलं काय काय इकडं हलवायचं? असं म्हणून त्यानं पन्नास इंची पडद्यावर सगळी यादी मांडली. रंगीत चित्रांसकट.

अण्णांनी रिमोटकडं हात नेला, पण रिमोट नागम्माच्या मांडीवर होता. आणि बापूसाहेबांनी चष्मा लावला होता. यादी समोर आल्यावर त्यांना कुणीही थांबवू शकलं नसतं.

"मासे धरायचा, नग एक," ते मोठ्यानं वाचू लागले. "पिझ्झा, नग एक. भूत, नग एक. ही रेल्वे, बापरे, ही एकटीच किती जागा खाल्लीय बघा." तेविसाव्या नगावर ते थांबले, वहीत काहीतरी लिहिलं आणि शांतपणे निकाल दिला. "अण्णा, ह्यो समदा डेड स्टॉक हाय. ह्यो काढून टाकला असता तर कार्ड लागलंच नसतं की."

अण्णांनी फरशीकडं बघितलं. मशीन लहान आहे, असं सांगितलेलं वाक्य आता खोलीत मध्यभागी येऊन उभं होतं.

"मला ठाऊक होतं की," नागम्मा म्हणाली.

अण्णांनी वर बघितलं.

"दुपारी मला झोप लागतीय कुठं. तुम्ही आवाज बारीक करताव, पण मेल्यावर वाजतंय ते ऐकू येतंयच. रोज दहा-बारा वेळा मरत होताव."

"मग बोलली का नाहीस?"

"का बोलू? जन्मात कधी काय खेळला नाहीत. आता कुठं खेळलालाव, तर मी काढा कशी म्हणू? माझं एक खेळायचं म्हणून तुमचे तेवीस?"

"मी कुठं खेळत होतो," अण्णा म्हणाले. आधी त्यांनी सभासदत्वाच्या पैशांबद्दल काहीतरी सुरू केलं, ते अर्ध्यात सोडलं, आणि मग सरळ सांगून टाकलं. "दोघांनी मिळून खेळायचा एखादा सापडतोय का, ते बघत होतो. मला जमेल असा. शेती तुमची दोघींची आहे. म्हटलं काव्याबरोबर माझाही एखादा असावा. एकही जमला नाही. पण काढून टाकवेनात."

बापूसाहेबांनी वही मिटली. जिना उतरताना ते संध्याकाळी सहाला परत येतो म्हणून गेले.

दिवसभर हार्डडिस्कवरची नवी आवृत्ती कार्डावर उतरत राहिली. सहाला पाच कमी असताना ती संपली, आणि सहा वाजता समोर रान उघडलं. पलीकडून काव्या "अव्वा, आलीस का" म्हणाली, त्या आवाजावरून ती हसत होती हे खुर्चीवरसुद्धा कळलं. नागम्मानं आधी मेंढरं मोजली. मग बांध बघितला, काव्यानं एकटीनं केलेली नांगरट बघितली, ती वाकडी आहे असं तिला स्पष्ट सांगितलं. दहा मिनिटं झाली. मग तिनं डोक्यावरचा माइक काढला, उठली आणि पेपरच्या वरून तो अण्णांच्या डोक्यावर बसवला.

"धरा," तिनं रिमोट हातात दिला. "चहा टाकून येते."

"अगं, मला ट्रॅक्टर कुठं येतोय?"

"हे पुढं जायला, हे थांबायला. बाकी ती सांगतीय." मग दारातल्या बापूसाहेबांना म्हणाली, "तुम्ही आत या की. माझ्या डब्यांचा स्टॉक कधी कुणी तपासला नाही." बापूसाहेब लगेच आत गेले.

अण्णांनी पुढं जायचं बटण दाबलं. ट्रॅक्टर जोरात निघाला आणि उभ्या पिकात शिरला.

"अव्वा, काय करतेस? विहिरीकडं चाललाय तो."

"मी आहे," अण्णा म्हणाले.

पलीकडचं कापणीचं मशीन रानात थांबलं. मग काव्या म्हणाली, "अप्पा? डावीकडं घ्या. हळू. अजून. हां, आता माझ्या मागोमाग या, मी कापते, तुम्ही ट्रॉली शेजारी धरा."

अण्णांनी ट्रॉली शेजारी धरली. दोन आठवडे नव्हे, दोन वर्षांचं विचारायचं साठलं होतं, आणि तोंडातून निघालं, "जेवलीस का?"

"हो."

यानंतर फोनवर 'ठेवते' येतं. अण्णा थांबले. पण इथं ठेवता येत नव्हतं. ट्रॉली अर्धी भरली होती आणि रान पुढं लांबच लांब पडलं होतं.

"अप्पा, ते कार्ड एवढं महागाचं कशाला घेतलंत? मी नको म्हटलं होतं ना. तेवढ्याचं आहे तरी का ते?"

या प्रश्नाचं उत्तर अण्णांना येत होतं. पार्टातला माणूस होता तो. तेवढ्याचं अजिबात नव्हतं. आत तीच मेमरी होती, भोक तेवढं वेगळं होतं.

"ते राहू दे," ते म्हणाले. "तुझा तो साहेब आता काय म्हणतो? आणि ती पोरगी भांडी घासायला लागली का?"

"तुम्हाला कसं माहीत?" काव्या म्हणाली. आणि मग, कापणीचं मशीन न थांबवता, ती सांगायला लागली.

आत नागम्मानं कपाटातले सगळे डबे बापूसाहेबांसमोर मांडले, दार ओढून घेतलं आणि स्टुलावर बसून राहिली. तिच्या हातचा चहा एरवी पाच मिनिटांत होतो. त्या संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा आठ वाजून गेले होते.